दोन तासांचा शब्द

“म्हंजे आज बी वेदर नव्हतं?”

“नव्हतं, बाबा.”

“वेदर नसते कसं पन, निशी? थे तं असतेच. चांगलं असन, नाई तं खराब असन. नव्हतं म्हंजे काय, सुट्टीवर गेलं?”

“बाबा, ठेवते मी. ब्रीफिंग हाये.”

फोन बंद झाला. निवृत्तीने तो उलटा करून मागूनही पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मग त्याने पावसाची वही काढली आणि आजच्या तारखेपुढच्या ‘०.०’ समोर, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक सरळ अक्षरात लिहिलं : निशिगंधा उडाली नाही. कारण : वेदर.

वर अशाच अकरा ओळी होत्या.

सरकारी वहीत घरचा शेरा लिहिणं नियमात बसत नव्हतं, पण नियम बघायला कोणी वही उघडत नव्हतं. निवृत्ती गावचा कोतवाल. मलकापूरहून अकरा किलोमीटरवर गाव, गावात तलाठी कार्यालय, कार्यालयाच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक. सत्तावीस वर्षं रोज सकाळी बरोबर साडेआठला तो कुंपणाचं दार उघडून आदल्या दिवसाचा पाऊस मोजत आला होता. मापक एक आणि गावं चौदा. त्यामुळे चौदा गावांचा त्याच्यावर संशय. “पडला आमच्याकडं, मोजला तुह्याकडं,” असं दर पावसाळ्यात कोणी ना कोणी येऊन ऐकवून जायचं. सहा वर्षांपूर्वी शाळेमागे सरकारने आपोआप मोजणारं यंत्र बसवलं. ते दर दहा मिनिटांनी स्वतःच कुठेतरी कळवतं. निवृत्तीला मात्र ‘आता थांब’ असं कोणी सांगितलं नाही, म्हणून तो थांबला नाही. तो रोज साडेआठचा आकडा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकी. वर गुलाबाची फुलं, खाली गुलाबाची फुलं, मध्ये निवृत्तीचं ०.०.

त्याचं एक तत्त्व होतं. झालेल्या पावसाचं विचारा, होणाऱ्याचं विचारू नका. “पडन का गा कोतवाल?” असं कोणी विचारलं की तो म्हणे, “पडल्यावर सांगतो.” आणि तरी बारा महिने तेरा काळ काखेत छत्री. संशय हा त्याचा स्वभाव नव्हता, पिंडच होता. बायको मनकर्णाबाई म्हणाली, “दूध उतू जाईन,” की तो विचारी, “कशावरून?” आणि तेवढ्यात दूध उतू जाई. लग्नात अंतरपाट धरलेला असताना पलीकडे ठरलेलीच मुलगी आहे ना, हे त्याने खाली वाकून पायांवरून ताडून पाहिलं होतं. मनकर्णाबाई अजून जोडवी घालताना हसते.

अशा माणसाची एकुलती एक लेक विमान चालवायला शिकत होती. पूर्वेकडे रेल्वेने सहा तासांवर, एका शहरापासून चाळीस किलोमीटर आत असलेल्या धावपट्टीवर. दीड वर्ष झालं होतं. हवामानाच्या लेखी पेपरात तिला शंभरापैकी एक्क्याण्णव पडले, तेव्हा तलाठी कार्यालयासमोरच्या टपरीवाल्या कचरूने निवृत्तीच्या चहात दुप्पट साखर घातली होती. आणि आता बारा दिवस ती जमिनीवर होती. बारा दिवस एकच कारण.

“नापास झाली असन कशात,” कचरू म्हणाला.

“एक्क्यान्नव हायेत.”

“मंग कोनी पोट्टा असन.”

“पोट्टा असता तं कारन रोज बदललं असतं. खोटं बोलनारा मानूस कारन बदलते. ही रोज एकच सांगून राह्यली.”

“मंग खरंच असन ना बे!”

“खरं इतके दिवस टिकत नाई,” निवृत्ती म्हणाला. “मले तं वाटते, तेथी इमानच नसन.”

“फोटो पाठोला होता ना तिनं?”

“उभ्या इमानाचा. उभं तं ट्रॅक्टर बी राह्यते.”

कचरूने हात टेकले. टपरीला लागूनच त्याच्या सुनेचं, धम्मशीलाचं सेतू केंद्र होतं. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, फोटोकॉपी. निवृत्ती छत्री सावरत आत शिरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “धम्मशीला, पोरी, एका ठिकानचं हवामान पाहाचं हाये. कोनाले सांगू नको.”

धम्मशीलाने कसलाही प्रश्न न विचारता त्या शहराच्या विमानतळाचा अहवाल काढला. पडद्यावर एक ओळ आली. अर्धे आकडे, अर्धी इंग्रजी अक्षरं, क्रियापद कुठेच नाही. निवृत्तीला ती ओळ पाहताक्षणी आवडली. क्रियापद नसलं की थाप मारायला जागा राहत नाही.

“हा मेटार, काकाजी, सकाळी साडेआठचा. आत्ता तेथी काय हाये थे. अर्ध्या अर्ध्या तासानं येते. आन् हा खालचा टॅफ. म्हंजे पुढं काय होईन थे.”

“पुढचं झाक. आत्ताचं सांग.”

पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत तिने ओळीचा अर्थ उघडला आणि बोट ठेवत ठेवत सांगितलं. आधी ठिकाण, मग तारीख-वेळ. मग वारा : पहिले तीन आकडे दिशेचे, पुढचे दोन वेगाचे. मग किती मीटरपर्यंत दिसतं. मग धुरकट की स्वच्छ, ढग किती, तापमान, हवेचा दाब.

“वेळ तीन वाजताची काऊन? हा तं सकाळी साडेआठचा म्हनतं तू.”

“इमानाच्या कामात साऱ्या जगात एकच घड्याळ धरतेत, काकाजी. आपल्याहून साडेपाच तास मागं. आपले साडेआठ म्हंजे त्याहिचे तीन. आपल्या साऱ्या देशातले मोठे वाचन तवाच घेतेत म्हनते यात.”

निवृत्तीने पडद्यावरची वेळ पुन्हा वाचली. सत्तावीस वर्षं त्याने साडेआठला कुंपणाचं दार उघडलं होतं. आठ नाही, नऊ नाही, साडेआठच का, हे कोणी सांगितलं नव्हतं. तहसीलचा चहा तेव्हा होत असेल, असा त्याचा कयास होता. तर तो साऱ्या जगाच्या तीन वाजता मापकाचं नरसाळं उचलत होता. खुर्चीत तो जरा ताठ बसला.

“आन् हे शेवटचं काय हाये? नोसिग?”

“पुढच्या दोन तासांत काई मोठा बदल नाई.”

“दोनच?”

“दोनच.”

असा माणूस निवृत्तीला पहिल्यांदाच भेटत होता. पंचांगवाला वर्षाचं सांगतो, टीव्हीवाला आठवड्याचं सांगतो, निवडणुकीला उभा राहिलेला पाच वर्षांचं सांगतो. हा दोन तासांपलीकडे तोंडच उघडत नाही. टॅफमध्ये मात्र लिहिलं होतं की दुपारी धूळ उडण्याची तीस टक्के शक्यता, तीही थोड्या वेळापुरती.

“हा मानूस आधी तहसिलात असन,” निवृत्ती म्हणाला आणि तिथून पुढे टॅफकडे त्याने पाहिलं नाही.

मग एक दिवस फोनवर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “एकटीनं उडायले किती दिसाले लागते गं?”

“पाच हजार मीटर. काऊन?”

“असंच. तुही माय इचारत होती.”

आई भाकरी थापत होती आणि तिने असलं काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर तो रोज धम्मशीलाकडून मागच्या आणि चालू दिवसांचे नऊ वाजताचे अहवाल छापून घेऊ लागला. एकोणीस दिवसांचे एकोणीस कागद झाले. वारा कधी चार, कधी सहा. ढग नाहीत. दिसतं पाच हजार, सहा हजार, सहा हजार. आणि एकोणीसच्या एकोणीस दिवस वहीत शेरा : वेदर.

त्याने कागदांना भोकं पाडून दोरा ओवला आणि वर लिहिलं, ‘विषय : वेदर’.

“लेकीवर फाइल केली?” मनकर्णाबाई म्हणाली.

“लेकीवर नाई. वेदरवर.”

“तिच्यावर वरडू नका. आधी जेवली का थे इचारा.” तिने भाकरी बांधून दिल्या. निवृत्ती तिला कुंपणाजवळ घेऊन गेला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा उद्याचं वाचन दुसऱ्या हाताने होणार होतं. नरसाळं कसं काढायचं, बाटली कशी उचलायची, डोळे पातळीला कसे आणायचे, हे त्याने तिला तीनदा दाखवलं.

“पानीच नाई तं पाहू काय मी?”

“पानी नाई हे बी पाहा लागते,” निवृत्ती म्हणाला.

मलकापूरला संध्याकाळची गाडी धरून सकाळी सव्वासातला तो धावपट्टीच्या फाटकावर उभा राहिला. काखेत छत्री, हातात फाइल. पहारेकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. निवृत्तीनेही पहारेकऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोघांचा धंदा एकच असल्याने दोघांनाही बरं वाटलं.

“कोनाले भेटाचं?”

“इमानं हायेत का आत?”

“तीन हायेत.”

“चालतेत?”

तेवढ्यात आत एक विमान घरघर करत सुरू झालं आणि निवृत्तीची एक उपपत्ती जागीच संपली. त्याने फाइलवर त्या विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक टिपून घेतला.

“मी निशिगंधाचा बाप.”

पहारेकऱ्याचा चेहरा बदलला. “बोर्डवाल्या मॅडमचे वडील? या ना काकाजी! अहो, त्याहिच्या बोर्डाबिगर इथं चाक हालत नाई.”

छपराखाली भिंतीला एक पांढरा फळा होता. त्यावर वरच्या भागात विमानतळाचा ताजा अहवाल, आणि खाली या जागेवरून दिसणारं : पाण्याची टाकी, तीन किमी, दिसते. वीटभट्टीची चिमणी, पाच किमी, दिसते. टेकडी, आठ किमी, नाही. पोरंपोरी येत होती, फळा वाचत होती, कानांवर लावायचं यंत्र उचलून विमानांकडे जात होती. फळ्यावरचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. निवृत्तीने ते ओळखलं. सत्तावीस वर्षांच्या वह्यांत तेच अक्षर होतं, फक्त ते त्याचं होतं.

फळ्यासमोर निशिगंधा उभी होती, हातात मार्कर. तिने वळून पाहिलं.

“बाबा? तुमी? इथी?”

“जेवली का?”

“सकाळचे साडेसात वाजले!”

“तुह्या मायनं इचाराले सांगतलं होतं.” आणि त्याने फाइल तिच्या हातात दिली.

ती बाकावर बसली. एक एक कागद उलटत गेली. निवृत्ती तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला. पंचनाम्याच्या वेळी साक्षीदाराकडे पाहतो तसा. सहाव्या कागदावर तिचं बोट थांबलं.

“हे चुकलं तुमचं. एकशे ऐंशी म्हंजे वारा दक्षिनेकडून येते. तुमी दक्षिनेकडं जाते असं लेहलं.”

“सुधारून घेतो. बाकीचं?”

“बाकीचं बरोबर हाये.”

“मंग कागद खरा हाये. एकोनीस दिवस वेदर होतं. तूच नव्हती.”

शेजारून एक उंच पोरगा “गुड मॉर्निंग, निशी” म्हणत गेला. निवृत्तीने त्याच्याकडे तीन सेकंद पाहिलं. पोरगा फळा वाचून निघून गेला. त्याचं नाव शिवम आहे, तो उद्याच परीक्षा देणार आहे, आणि तिच्या बोर्डाशिवाय तो विमानाकडे पाऊल टाकत नाही, असं निशिगंधाने न विचारता सांगितलं. मग तिने फाइल मिटली.

“चार मिनिटं,” ती म्हणाली.

“काय चार मिनिटं?”

“एकटीनं उडायची दुसरी खेप होती. रिपोर्टात पाच हजार होते. टॅफात होतं की आनखी सुधरन. वर गेली, वळली, समोर सूर्य आला आन् सारं पांढरं झालं. धावपट्टी दिसेना, बाबा. चार मिनिटं. मंग दिसली. उतरली. सर म्हनले, लँडिंग चांगलं केलं. कोनाले काई समजलंच नाई.” तिने मार्करचं टोपण काढलं, लावलं. “दुसऱ्या दिवशी रिपोर्ट वाचला तं त्यात एक शब्द खटकला. तिसऱ्या दिवशी दुसरा. तीस टक्के लेहलं राह्यते ना, तं मले थे तीसच दिसतेत. सत्तर दिसतच नाई. मंग मी बोर्ड लेहाले लागली. त्याच्यात काई खटकत नाई. जे हाये थे लेहाचं.”

 निवृत्ती धाडीला आला होता आणि मुद्देमालात स्वतःच सापडला होता. जे आहे ते लिहायचं. सत्तावीस वर्षं.

“असं भेऊन कसं चालन?” तो शेवटी म्हणाला, कारण बापाने असं काहीतरी म्हणायचं असतं.

निशिगंधाने त्याच्या काखेकडे पाहिलं. “फाल्गुन हाये, बाबा. छत्री कायले आनली?”

निवृत्तीने छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. त्याने काही फरक पडला नाही.

साडेआठ वाजले. निशिगंधाच्या फोनवर ताजा अहवाल आला. जगाचे तीन. सवयीने निवृत्तीचे हात नरसाळं उचलायला निघाले आणि फोनवर येऊन थांबले.

“दे इकडं,” तो म्हणाला आणि चष्मा चढवून मोठ्याने वाचू लागला. “वारा दोनशे सत्तर. म्हंजे पश्चिमेकडून *येते*. सहा. दिसते सहा हजार. ढग नाई. नोसिग.”

“थे चाळीस किलोमीटरवरचं हाये. इथलं नोहे.”

हे वाक्य निवृत्तीने चौदा गावांच्या तोंडून ऐकलं होतं. त्याचं उत्तर मात्र त्याला आजवर देता आलं नव्हतं. तो छपराखालून बाहेर आला आणि डोळ्यांवर हात धरून त्याने लांब पाहिलं.

“चिमनी दिसते. टेकडी बी दिसून राह्यली आता, वरचं झाड सोडून. पाहाय.”

ती उठून त्याच्याशेजारी उभी राहिली. “दिसते.”

“सूर्य कुठी आला? वर. मंघाशी डोयात होता. उडान किती वेळचं?”

“चाळीस मिनिटं.”

“याचा शब्द दोन तासांचा. म्हंजे चाळीस गेले तरी ऐंशी उरतेत.”

“तुमचा इस्वास हाये यावर?”

निवृत्तीने वर पाहिलं, खाली पाहिलं. पुढच्या एका मिनिटाबद्दलही तो आजवर कुणाला काही बोलला नव्हता. दुधाबद्दलसुद्धा नाही.

“हाये,” तो म्हणाला. “जाय.”

ते खरं होतं की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. निशिगंधाने बापाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. ती त्याचीच लेक होती. मग तिने मार्कर त्याच्या हातात दिला.

“नऊचा रिपोर्ट आला की बोर्ड तुमी लेहा. शिवमच्या फोनवर येते.”

ती सरांकडे गेली, काहीतरी बोलली. सरांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली. तिने विमानाला एक फेरी मारली, पंखाखाली वाकली, चाकाला हात लावून पाहिला, इंधन पाहिलं, मग पुन्हा एकदा चाकाला हात लावला. निवृत्तीला ते पाहून फार बरं वाटलं. मग दार लागलं आणि विमान धावत सुटलं आणि एका ठिकाणी त्याची सावली त्याच्यापासून सुटली.

निवृत्तीने छत्री उघडली.

छपराबाहेर, लख्ख उन्हात, कोरड्या आभाळाखाली तो छत्री धरून उभा राहिला. दोन पोरी हसल्या. पहारेकरी जवळ आला.

“काकाजी, पानी तं नाई.”

“मले माहीत हाये. शून्य पॉइंट शून्य.”

“मंग?”

“असू दे.”

मनकर्णाबाईचा फोन आला : शून्य आहे, जेवली का. निवृत्तीने विमानावरची नजर न काढता सांगितलं, “वर हाये.”  पलीकडून फोन हळूच ठेवला गेला.

नऊ वाजता शिवम फोन घेऊन आला. लिहायला दोन्ही हात हवे होते. निवृत्तीने छत्री मिटून फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगली, जुने आकडे कापडाने पुसले आणि बारीक सरळ अक्षरात लिहिलं. वारा, अंतर, ढग, नोसिग. खाली : टाकी दिसते. चिमणी दिसते. टेकडी दिसते, झाडासकट.

शिवम मागे उभा राहून ते वाचत होता. निवृत्ती वाट पाहत राहिला. आता हा विचारेल, कशावरून. पोरगा वाचून झाल्यावर फक्त “थँक यू, अंकल” म्हणाला आणि निघून गेला आणि दहा मिनिटांनी तोही वर होता. सत्तावीस वर्षांत निवृत्तीने लिहिलेलं वाचून कोणी जागचं हललं, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याने ‘नोसिग’वरची रेघ पुन्हा एकदा नीट गिरवली.

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी फाइलवर टिपलेला तोच क्रमांक शेपटीवर घेऊन विमान खाली आलं. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. निशिगंधा चालत आली. केस कपाळाला चिकटलेले. ती आधी फळ्यापाशी थांबली आणि तिने सगळं वाचलं.

“धावपट्टी?” निवृत्तीने विचारलं.

“दिसत होती. सारा वेळ.”

तो ‘कशावरून’ म्हणाला नाही. त्याने भाकरीचं गाठोडं तिच्यापुढे सरकवलं. तिने तिथेच बाकावर बसून दीड भाकरी खाल्ली.

दुपारच्या गाडीला निघताना छत्री खिळ्यावरच राहिली. तो ती विसरला असं म्हणता येणार नाही. फाटकापासून वळून त्याने पाहिलं होतं आणि ती तिथेच होती.

संध्याकाळी दिवे लागल्यावर तो गावात उतरला, तेव्हा कचरू टपरीतून धावत बाहेर आला.

“छत्री कुठी हाये बे? कोन गेलं?”

“कोनी नाई.”

“मंग असा काऊन?”

“साफ हाये.”

“कवापर्यंत?”

“दोन तास,” निवृत्ती म्हणाला आणि पुढे गेला. कचरू मागे उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा आभाळाकडे संशयाने पाहत राहिला.

निवृत्ती कार्यालयाच्या आवारात शिरला. कुंपणाच्या दाराची कडी नीट लावलेली होती. आत जाऊन एकदा खात्री करावी म्हणून त्याने कडीला हात घातला, आणि काढून घेतला. घरी वही उघडली. आजच्या तारखेपुढे मनकर्णाबाईच्या हातची दोन शून्यं होती, भाकरीएवढी गोल, रकान्याबाहेर गेलेली. त्याने ती पुसली नाहीत. पेन उचलून शेऱ्यात लिहिलं : वाचन मनकर्णाबाईचे. निरीक्षक गैरहजर.

मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसला, आणि पुढे लिहिलं : कारण : वेदर.